निघणं आणि पडणं

संशोधक विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात दोन क्रियापदं रात्रंदिवस कानावर पडतात. पहिलं 'निघणं'. हिची नेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, निघाली; त्याचं जेआरएफ, म्हणजे त्याच परीक्षेतून मिळणारी फेलोशिप, निघालं; अमक्याचं दोन मार्कांनी राहिलं. विहीर खणता खणता एकदाचं पाणी निघावं, तशा सुरात हे बोललं जातं. दुसरं 'पडणं'. 'पडली का रे फेलोशिप?' म्हणजे, खात्यात पैसे आले का? पावसासारखे तेही पडतात, आणि कोरडवाहू शेतीच्या घरातून आलेल्या पोराला पडण्याची वाट पाहणं काही नवीन नसतं.

निघाल्यावर पेढे वाटतात. गावच्या चौकात फ्लेक्स लागतो, वर फोटो आणि खाली शुभेच्छुकांची रांग. पैसे पडल्याचा फ्लेक्स मात्र मी अजून पाहिलेला नाही. त्या दिवशी मेसच्या काकूंची उधारी फिटते, घरी दोन-चार हजार जातात, एखादं पुस्तक येतं आणि विषय संपतो. मी बरीच वर्षं एका विद्यापीठात पीएच.डी.चा गाइड आहे; त्याआधी स्वतः फेलोशिपवर जगलो. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की, या विषयात आकड्यापेक्षा तारीख मोठी. किती मिळतात, हे सगळेच विचारतात. कधीपासून मोजणार, कधी पडणार आणि कधी थांबणार, हे विचारायचं राहून जातं, आणि घोळ तिथेच होतो.

शब्दांचं थोडं आधी निस्तरू. शिष्यवृत्ती शाळकरी मुलालाही मिळते. फी, वह्या-पुस्तकं, गणवेश असा खर्च तिच्यातून भागतो. फेलोशिप पदव्युत्तर शिक्षणाच्या पुढची. सरकारी कागदावर तिला 'अधिछात्रवृत्ती' म्हणतात. हा शब्द मी कुणा विद्यार्थ्याच्या तोंडून आजवर ऐकलेला नाही, त्यामुळे इथेही फेलोशिपच म्हणतो. एका माणसाला चार-पाच वर्षं दुसरं काही न करता एकाच प्रश्नाच्या मागे लागता यावं, म्हणून त्याच्या पोटापाण्याचा खर्च दुसऱ्या कुणीतरी उचलायचा, एवढाच तिचा अर्थ. यात उपकार किती आणि सौदा किती, हे देणाऱ्यावर अवलंबून. आपल्याकडच्या देणाऱ्यांचा इतिहास मात्र रंगतदार आहे, आणि तो पुण्यात पर्वतीजवळच्या रमण्यात सुरू होतो.

रमण्यात श्रावण महिन्यात दक्षिणा वाटली जायची. ही प्रथा तळेगावच्या दाभाड्यांची. पुढे पेशव्यांनी ती पुण्यात आणली. दूरदूरचे शास्त्री, वैदिक पुण्याची वाट धरायचे. विद्वत्तेची परीक्षा काहींचीच व्हायची, बाकीच्यांना जात पुरायची. पेशवाई गेली आणि इंग्रजांपुढे प्रश्न पडला: ही दक्षिणा बंद केली तर पुण्यातला ब्रह्मवृंद बिथरेल, चालू ठेवली तर पैसा कशासाठी जातो आहे ते कळेना. एल्फिन्स्टनच्या काळात वर्षाला पन्नास हजार रुपयांची रक्कम ठरली, आणि १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढच्या डेक्कन कॉलेजचं मूळ तिथलं.

मग लोकहितवादी आणि त्यांच्या बरोबरीच्या तरुणांनी सरकारकडे अर्ज केला: या दक्षिणेतला काही भाग मराठीत चांगली पुस्तकं लिहिणाऱ्यांना द्या, मग लिहिणारा कुठल्या का जातीचा असेना. पुण्यात गदारोळ उडाला. अर्जदारांच्या अंगावर लोक धावून येतील अशी वेळ आली, तेव्हा जोतीराव फुले आपली माणसं घेऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. मंत्र पाठ असल्याबद्दल मिळणारे पैसे नवं लिहिल्याबद्दल मिळू लागले. मराठी संशोधनाच्या अर्थसाहाय्याचा इतिहास कुणी कधी लिहिलाच, तर त्याचं पहिलं पान हे.

याच दक्षिणेतून पुढे कॉलेजांत 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. स्वतः शिकायचं आणि खालच्या वर्गांना शिकवायचं, असं ते दुहेरी काम होतं. आजच्या अमेरिकन विद्यापीठातल्या टीचिंग असिस्टंटचा हा पणजोबा म्हणायला हरकत नाही. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर, दोघंही दक्षिणा फेलो. रानड्यांच्या चरित्रात आकडे मिळतात: कनिष्ठ फेलो असताना महिना साठ रुपये, वरिष्ठ झाल्यावर एकशेवीस. त्याच चरित्रात आणखी एक गोष्ट आहे. विद्यार्थी रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजी राज्याशी तुलना केली आणि माप मराठ्यांच्या बाजूने झुकवलं. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य अलेक्झांडर ग्रँट यांना ते रुचलं नाही. त्यांनी रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने थांबवली. ग्रँट काही दुष्ट गृहस्थ नव्हते. विद्यार्थी म्हणून रानड्यांचं त्यांना कौतुकच होतं. पण सरकारी पैशावर शिकायचं आणि सरकारवरच टीका करायची, हे त्यांच्या हिशेबात बसेना. ज्याच्या हातात महिन्याचा पैसा, त्याच्या हातात लेखणीचं एक टोक असतंच. आजचे अर्ज भरताना विषयाच्या शीर्षकातला एखादा शब्द हलकेच बदलून घेणारे विद्यार्थी आणि गाइड हे पुरतं ओळखून असतात.

देणाऱ्याच्या मनात 'विद्वान' म्हणून एक चेहरा ठरलेला असतो, हाही भाग आहेच. कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली आणि अंतिम परीक्षेत सगळ्या मुलग्यांच्या पुढे गेली. त्या क्रमांकाला विलायतेत शिकायची सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. हिला मिळाली नाही, कारण ही बाई. शिष्यवृत्ती ठरवताना क्रमांकावर स्त्री येईल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी इंग्लंडमधल्या काही लोकांनी वर्गणी काढली, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होती, आणि १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या समरव्हिल कॉलेजात दाखल झाली. निघूनही न पडण्याचं आपल्याकडचं हे जुनं उदाहरण.

चाळीसेक वर्षांनी चित्र थोडं बदललं. १९२६ मध्ये फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालेल्या इरावती कर्वे यांना दक्षिणा फेलोशिप मिळाली आणि त्या मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकायला गेल्या. त्यांच्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय होता चित्पावन ब्राह्मण. म्हणजे पेशव्यांच्या रमण्यातल्या दक्षिणेवर एका बाईने पेशव्यांच्याच जातीचा शास्त्रीय अभ्यास केला. पैशाला स्मरणशक्ती असती, तर तो त्या दिवशी मनाशी हसला असता. पुढे त्या बर्लिनला गेल्या त्या मात्र फेलोशिपवर नव्हे, नवऱ्याने काढलेल्या कर्जावर. आणि स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या सासऱ्यांचा, धोंडो केशव कर्व्यांचा, त्या जाण्याला विरोध होता. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, १९३७ मध्ये केंब्रिजला गेल्या त्या मुंबई विद्यापीठाच्या सर मंगळदास नथुभाई परदेश शिष्यवृत्तीचा आधार घेऊन. १८९२ मध्ये जमशेटजी टाटांनी सुरू केलेली जे. एन. टाटा एंडोमेंट तर जुनीच, कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर तिच्या अगदी पहिल्या लाभार्थींपैकी. पण टाटांची ही मदत कर्जाऊ होती आणि आजही आहे. शिकून आल्यावर परत करायची, म्हणजे पुढच्याला मिळते. या व्यवहारात मला एक सरळपणा दिसतो.

आता साडेअकरा पौंडांची गोष्ट. तिच्यापाशी थोडं थांबायला हवं.

१९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर नावाच्या बावीस वर्षांच्या पदवीधराला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. मुदत तीन वर्षं. त्या काळी पौंडाला पंधरा रुपये असा भाव सरकारने धरून ठेवला होता, म्हणजे महिन्याला एकशे साडेबहात्तर रुपये झाले. (हा भाव कसा धरला गेला आणि त्यात काय चुकलं, यावर याच विद्यार्थ्याने पुढे लंडनमध्ये प्रबंध लिहिला. न्यूयॉर्कमध्ये मात्र त्याला महिनाअखेरीची चिंता जास्त असणार.) वडील त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. मागे बायको, घरचा पसारा. त्या साडेअकरा पौंडांतून पोट भरायचं, जुनी पुस्तकं घ्यायची आणि घरीही पाठवायचे. हे शेवटचं कलम कुठल्याही फेलोशिपच्या नियमावलीत नसतं आणि आपल्याकडच्या निम्म्या विद्यार्थ्यांच्या हिशेबात पहिलं असतं.

बदल्यात ४ जून १९१३ रोजी करार झाला: शिक्षण संपल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी. आजच्या भाषेत बाँड. तीन वर्षांच्या मुदतीत या विद्यार्थ्याने कोलंबियात काय काय उरकलं, त्याची नोंद विद्यापीठात आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, वर मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र, थोडं फ्रेंच, थोडं जर्मन. १९१५ मध्ये एम.ए. ९ मे १९१६ रोजी एका चर्चासत्रात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. हा वेग बघून आपण थक्क होतो. मला त्यात घड्याळाची टिकटिकही ऐकू येते. कुणीतरी मोजून दिलेल्या दिवसांत जितकं पदरात पडेल तितकं पाडून घ्यायचं, कारण दार पुन्हा उघडेल याची खात्री नाही.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातलं, आणि मुदत संपली. १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत यायची मुभा दिली, एवढाच दिलासा. कराराप्रमाणे ते बडोद्यात रुजू झाले. तिथे राहायला जागा कुणी देईना. एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात येऊन उभा राहिला. दहा वर्षांचा करार असलेला माणूस बडोदा सोडून मुंबईला आला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

सयाजीरावांचं ऋण त्यांनी कधी नाकारलं नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचं आपलं पुस्तक त्यांनी सयाजीरावांनाच अर्पण केलं आहे, शिक्षणाला केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून. पण हिशेब हिशेबाच्या जागी. शिष्यवृत्ती देणाऱ्याने फीचा आणि जेवणाचा विचार केला होता. शिकून आलेल्या अस्पृश्य अधिकाऱ्याने बडोद्यात झोपायचं कुठे, याची तजवीज त्या करारात नव्हती. पुढे १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात महिना साडेचारशे रुपयांवर प्राध्यापकी मिळाली. तिच्यातून पैसे साठवले, काही मदत शाहू महाराजांची, पाच हजारांचं कर्ज नवल भथेना या पारशी मित्राचं, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. म्हणजे १९१७ ते १९२० या मधल्या तीन वर्षांत त्यांनी जो पूल बांधला, तो पगाराचा आणि उसनवारीचा. फेलोशिप जिथे थांबली तिथे त्यांच्याकडे सिडनहॅम होतं, शाहू महाराज होते, भथेना होते. ज्यांच्याकडे असं कुणी नसतं, त्यांचं संशोधन कुठल्या वर्षी थांबतं हे मोजायला कुणी बसत नाही.

म्हणूनच असेल, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर आंबेडकरांनी हा विषय लावून धरला, आणि १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. परदेशी शिक्षणासाठीची राष्ट्रीय योजना १९५४-५५ पासूनची. आज तिच्यात वर्षाला १२५ जागा आहेत. त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींसाठी, बाकीच्या विमुक्त-भटक्या जमाती आणि भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी. २०२२ मध्ये या योजनेच्या नियमांत एक कलम आलं: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारतावरचा सामाजिक अभ्यास असा विषय असेल, तर ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. कारण असं सांगितलं गेलं की, भारताचा अभ्यास भारतात राहून उत्तम करता येतो. न्यूयॉर्कमध्ये बसून भारतातल्या जातींवर निबंध वाचणारा विद्यार्थी या कलमाखाली अपात्र ठरला असता. अलेक्झांडर ग्रँट निदान निबंध वाचून झाल्यावर रागावले होते.

आता आजचं. केंद्राची मुख्य वाट म्हणजे नेट आणि तिच्यातलं जेआरएफ. मानव्य आणि सामाजिक शास्त्रांसाठी यूजीसीची नेट, विज्ञानासाठी सीएसआयआरची. नेटला बसणाऱ्यांपैकी सहा टक्क्यांना सहायक प्राध्यापकपदाची पात्रता मिळते. त्यांतही वरच्या थोड्यांना जेआरएफ. २०२४ पासून तिसराही एक गट झाला आहे, फक्त पीएच.डी.च्या प्रवेशापुरता. म्हणजे 'नेट निघाली' एवढं ऐकून आता कळत नाही. कुठल्या गटात, हेही विचारावं लागतं. जेआरएफच्या गटाला पैसे मिळतात, बाकीच्या दोघांना मिळत नाहीत. त्याच वर्षी १८ जूनला नऊ लाखांवर मुलांनी पेपर दिला आणि दुसऱ्या दिवशी परीक्षाच रद्द झाली. फेरपरीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. वयाची अट तोंडावर आलेल्यांचे ते दोन महिने कसे गेले असतील, ते त्यांनाच ठाऊक.

जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) पहिली दोन वर्षं, त्यानंतर कामाचं मूल्यमापन होऊन एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलोशिप) आणखी तीन वर्षं. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिना ३७ हजार, एसआरएफ ४२ हजार. त्याआधी २०१९ पासून ३१ हजार होते, त्याआधी २५ हजार. ही वाढ सहसा आपोआप होत नाही. देशभरातल्या प्रयोगशाळांतली मुलं रस्त्यावर येतात, मग होते. वसतिगृहात खोली नसेल तर शहराच्या दर्जाप्रमाणे घरभाडं, आणि पुस्तकं, प्रवास, झेरॉक्स यांसाठी वार्षिक कंटिन्जन्सी. शिक्षणासाठीच्या शिष्यवृत्तीला प्राप्तिकरातून माफी आहे. हे माहीत नसल्याने विनाकारण घाबरलेली मुलं मी पाहिली आहेत.

या शिडीच्या वरच्या पायरीवर पंतप्रधान संशोधन फेलोशिप. २०१८ ची, पहिली दोन वर्षं ७० हजार आणि पुढे वाढत ८० हजारांपर्यंत, वर संशोधनासाठी वर्षाला दोन लाख. पण ती आयआयटी, आयआयएस्सी, आयसर अशा निवडक संस्थांची. खालच्या पायरीवर केंद्रीय विद्यापीठांतली 'नॉन-नेट', महिना ८ हजार. ऑक्टोबर २०१५ मध्ये तीही बंद करायचं ठरलं, तेव्हा मुलांनी दिल्लीत यूजीसीच्या दारात ठाण मांडलं आणि ती वाचली. आठ हजार मात्र आठ हजारच राहिले. आणि राज्य विद्यापीठातल्या, नेट न निघालेल्या विद्यार्थ्याला ही पायरीसुद्धा नाही. एकाच पिढीतली, एकाच विषयात पीएच.डी. करणारी चार मुलं एका चहाच्या टपरीवर बसली, तर एकाला सत्तर हजार, दुसऱ्याला सदतीस, तिसऱ्याला आठ आणि चौथ्याला काही नाही. बिल बहुधा दुसरा देतो.

महाराष्ट्रात या चौथ्यासाठी काही वाटा निघाल्या आहेत. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी पुण्याचीच सारथी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरची महाज्योती, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी टीआरटीआय. दर जेआरएफच्या धर्तीवर. गेल्या काही वर्षांत मुंबईच्या आझाद मैदानावर या फेलोशिपसाठी मुलं महिनोन् महिने बसलेली ज्यांनी पाहिली असतील, त्यांना दोन घोषणा आठवतील: 'सरसकट द्या' आणि 'नोंदणीच्या तारखेपासून द्या'. पहिली आकड्याची, दुसरी तारखेची. माझ्या मते दुसरी अधिक नेमकी. पीएच.डी.ची नोंदणी जुलैत झाली, फेलोशिपची जाहिरात पुढच्या मार्चमध्ये आली, परीक्षा डिसेंबरात, निवड त्यापुढच्या वर्षी, तर मधली दोन वर्षं विद्यार्थ्याने कशावर काढली? आणि फेलोशिप निवडीपासून मोजली, तर पाच वर्षांचं संशोधन आणि तीन वर्षांचे पैसे, असा मेळ होतो. अर्ज भरण्यापूर्वी जाहिरातीतलं हे एक कलम वाचा, बाकीची पानं नंतर वाचली तरी चालतील.

अमेरिकेची गोष्ट निराळी. तिथे पीएच.डी.ला प्रवेश आणि पैसे बहुतेक एकाच पत्रात येतात: फी माफ, वर महिन्याचं विद्यावेतन. ते टीचिंग असिस्टंट म्हणून असेल तर आठवड्याला साधारण वीस तास शिकवणं, पेपर तपासणं आलं. फेलोशिप म्हणून असेल तर ते वर्ष पूर्ण आपलं. पुण्या-मुंबईची मुलं पत्रातला डॉलरचा आकडा बघून रुपयांत गुणाकार करतात. तो करू नये. त्या गावातलं खोलीचं भाडं विचारावं, उन्हाळ्याचे तीन महिने पैसे मिळतात का ते विचारावं आणि हमी किती वर्षांची ते विचारावं. एम.एस.ला जाणाऱ्यांनी तर यातलं काही मिळेल, असं धरूनच चालू नये. तिथे कर्जाचाच रस्ता मुख्य.

आता पडण्याबद्दल. यूजीसीचं जेआरएफ निघालं, पीएच.डी.ची नोंदणी झाली, गाइडची सही झाली, जॉइनिंग रिपोर्ट गेला. यानंतर विद्यार्थ्याला दर महिन्याला 'मी काम करतो आहे' हे कळवावं लागतं. गाइड सही करतो, विभागप्रमुख सही करतो, कागद विद्यापीठाच्या फेलोशिप विभागात जातो. तिथे एक 'मेकर' असतो आणि एक 'चेकर'. मेकर बँकेच्या पोर्टलवर नोंद करतो, चेकर ती मंजूर करतो, मग पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. कागदावर ही रचना चांगली आहे. पूर्वी विद्यापीठाकडे एकगठ्ठा पैसे यायचे आणि तिथे मुरायचे, त्यापेक्षा कितीतरी बरी. पण या साखळीतली एकही कडी सुटीवर गेली की महिना गळतो.

माझी एक विद्यार्थिनी होती. विषय लोककथांचा, कामाला वाघीण. रुजू होऊन चार महिने झाले तरी पैसे नाहीत. मी फेलोशिप विभागात गेलो.

'भाऊसाहेब, हिचं काय झालं?'

'सर, मेकरने टाकलंय. चेकरचं बाकी आहे.'

'चेकर कोण?'

'साहेब.'

'साहेब कुठे आहेत?'

'रजेवर. मार्च एंडनंतर येतील.'

'त्यांच्या जागी कुणी?'

भाऊसाहेबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की, मीच ओशाळलो. त्यांचीही चूक नव्हती. लॉगिन साहेबांच्या मोबाइल नंबराला बांधलेलं, ओटीपी साहेबांच्या खिशात, आणि साहेब गावाकडे लग्नाला. भाऊसाहेब मात्र रोज चाळीस मुलांची बोलणी खात होते.

दोन वर्षं झाली आणि तिच्या एसआरएफची वेळ आली. त्यासाठी समिती बसावी लागते, बाहेरचा तज्ज्ञ बोलवावा लागतो. तज्ज्ञांची तारीख मिळायला दीड महिना. बैठक झाली, शेरा उत्तम, कागद गेले. सात महिन्यांनी कळलं की विभागाच्या पत्रावर जावक क्रमांक घालायचा राहिला होता, म्हणून फाइल पुढे सरकलीच नव्हती. ते पत्र माझ्या सहीचं. सात महिने ती ३७ हजारांवरच राहिली; तेही वेळेवर नव्हतेच. या काळात तिने फील्डवर्क एका तालुक्यापुरतं आटोपलं. प्रबंधात त्याचं कारण 'अभ्यासाची व्याप्ती' असं दिलं आहे. व्याप्ती-मर्यादा हे प्रकरण मी आता कुठल्याही प्रबंधात जरा निराळ्या नजरेने वाचतो.

तेव्हापासून नव्या विद्यार्थ्यांना मी एकच काम पहिल्या दिवशी लावतो: एक वही करा. कुठला कागद कुठल्या तारखेला, कुणाच्या हातात दिला, आवक क्रमांक काय. प्रत्येक पत्राची पोच घ्या, पोच नसेल तर पत्र दिलंच नाही असं समजा. पहिले सहा महिने पैसे येणार नाहीत असं धरून खिशात काहीतरी ठेवून या. नसेल तर गाइडला आधी सांगा, लाजू नका. फेलोशिप घेताना दुसरीकडे पगार घेता येत नाही, ही अट गंभीर आहे. तासिका तत्त्वावर चार तास घेतले आणि पुढे सगळी रक्कम व्याजासह परत मागितली गेली, असं होऊ शकतं. संशोधन सोडून नोकरी धरलीत, तर त्याच दिवशी कळवा. हे सगळं सांगितल्यावर मुलं विचारतात, 'सर, आणि विषय?' विषयावर पुढच्या आठवड्यात बोलू, असं मी सांगतो.

ती मुलगी पीएच.डी. झाली. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या बाईंनी प्रबंध छापा म्हणून आग्रह केला. आता ती एका तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. परवा दुपारी फोन आला. आवाजात हसू दाबलेलं.

'सर, पडली.'

'अगं, काय पडली?'

'फेलोशिप. तिसऱ्या वर्षाची. एसआरएफचा फरक.'

पदवी मिळून तिला दीड वर्ष झालं होतं. मी म्हटलं, 'मग आता काय, पुस्तक छापणार?'

'बघू ना सर. आधी मेसच्या काकूंचे नऊशे राहिलेत, ते देऊन येते.'